कोणती दुरुस्ती आधी? स्थिती-पाहणीवरून शैक्षणिक परिसराच्या देखभालीचे नियोजन

महाविद्यालय, विद्यापीठ किंवा मोठी शाळा यांच्या परिसरात पंधरा-वीस इमारती असतील, तर त्यांपैकी कोणत्या इमारतीवर पुढील वर्षी खर्च करायचा हा निर्णय बहुतेक ठिकाणी तक्रारींच्या आवाजावर ठरतो. ज्या विभागाचे प्रमुख वारंवार पत्र लिहितात त्यांच्या खोल्यांना रंग मिळतो, आणि ज्या गच्चीवर वर्षभरात कोणी पाऊलही टाकत नाही तिथे तुंबलेल्या पाण्याकडे छतातून थेंब पडू लागेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. इमारतींची पद्धतशीर स्थिती-पाहणी या सवयीवरचा उपाय आहे. मात्र पाहणी करून जाडजूड अहवाल कपाटात ठेवला, तर पाहणीचा खर्चही वाया जातो. म्हणून या मार्गदर्शिकेत पाहणी कशी करावी याच्या बरोबरीने, तिच्यातून कामांचा क्रम आणि पुढील दहा वर्षांचे अंदाजपत्रक कसे काढावे यावर भर दिला आहे.

पाहणीचा उद्देश सुरुवातीलाच लेखी ठरवावा. दोषांची यादी काढणे हा उद्देश पुरेसा नाही, कारण कोणत्याही जुन्या इमारतीत दोन तासांत दोनशे दोष सापडतात आणि अशी यादी वाचणाऱ्याला काहीच सुचत नाही. प्रत्येक घटकाबद्दल चार प्रश्नांची उत्तरे हवी असतात: त्याची आजची अवस्था काय आहे, ती कशामुळे झाली, काही केले नाही तर किती वर्षांत काय होईल, आणि दुरुस्तीला किती खर्च येईल. यांतला दुसरा प्रश्न सर्वाधिक वेळा गाळला जातो, आणि माझ्या मते सर्वाधिक पैसा तिथेच वाया जातो. भिंतीवरचा ओलसर डाग ही नोंद झाली. तो डाग वरच्या मजल्यावरील शौचालयाच्या सांध्यातून आला आहे, की बाहेरच्या भेगेतून, की जोत्यातून वर चढणाऱ्या ओलीतून, हे ठरल्याशिवाय त्यावर केलेला गिलावा आणि रंग एक-दोन वर्षांत पुन्हा काढावा लागतो.

पाहणीला निघण्यापूर्वी

सर्व इमारतींचा एकच तक्ता तयार करावा. त्यात इमारतीचे नाव, बांधकामाचे वर्ष, नंतर वाढवलेले मजले किंवा भाग, चटईक्षेत्र, बांधकामाचा प्रकार, आजचा वापर आणि तीच इमारत आज नव्याने बांधायची झाल्यास येणारा खर्च, म्हणजे पुनर्बांधणी मूल्य, एवढे तरी असावे. हा शेवटचा आकडा पुढे फार उपयोगी पडतो. तो विम्याच्या कागदपत्रांतून किंवा नुकत्याच झालेल्या तत्सम बांधकामाच्या प्रति चौरस मीटर दरावरून काढता येतो. हिशेबाच्या वहीतील घसारा वजा केलेली किंमत येथे वापरू नये. पन्नास वर्षांपूर्वीच्या इमारतीची वहीतील किंमत जवळजवळ शून्य असते, पण तिचे छत दुरुस्त करण्याचा खर्च आजच्या दरानेच येतो.

बांधकामाच्या प्रकाराचा रकाना औपचारिकता म्हणून भरू नये. इंग्लंडमधील केंट परगण्यात २०१८ साली एका प्राथमिक शाळेच्या छताचा भाग सुट्टीच्या दिवशी कोसळला. ते छत सच्छिद्र, हलक्या, प्रबलित वायुमिश्रित काँक्रीटच्या फळ्यांचे होते. सुदैवाने तेव्हा आत कोणी नव्हते. पुढे ३१ ऑगस्ट २०२३ रोजी, नवे सत्र सुरू होण्याच्या तोंडावर, तेथील सरकारने अशाच फळ्या असलेल्या शंभराहून अधिक शाळांना त्या इमारती किंवा त्यांचे भाग बंद ठेवायला सांगितले. कोणत्या इमारतीत कोणते साहित्य आहे याची नोंद आधीपासून हाताशी असणाऱ्या संस्थेला अशा वेळी एका दिवसात उत्तर देता येते, आणि ज्यांच्याकडे ती नसते त्यांना प्रत्येक छत उघडून पाहावे लागते.

जुने नकाशे, आधीच्या दुरुस्त्यांची देयके, हमीपत्रे, पंप व लिफ्टच्या सेवा-नोंदी, गेल्या दोन-तीन वर्षांतील तक्रारवही आणि वीज-पाण्याची देयके एकत्र करावीत. नकाशे हरवले असतील, तर प्रत्येक मजल्याचा हाताने काढलेला, खोली-क्रमांक दिलेला साधा आराखडाही चालतो. कागदपत्रांइतकेच महत्त्व माणसांना द्यावे. सफाई करणारे कर्मचारी, रखवालदार, वीजतंत्री आणि वसतिगृहाचे अधीक्षक यांच्याशी प्रत्येकी पंधरा मिनिटे बोलावे. कोणत्या खोलीत वादळी पावसात खिडकीतून पाणी येते, कोणता स्विच वारंवार पडतो आणि कोणता दरवाजा काही महिन्यांपासून घासू लागला आहे, हे कोरड्या दिवशी फेरी मारणाऱ्या अभियंत्याला दिसत नाही, पण या मंडळींना तोंडपाठ असते. घासू लागलेला दरवाजा लाकूड फुगल्याचेही लक्षण असतो आणि पाया खचल्याचेही, त्यामुळे अशा किरकोळ वाटणाऱ्या माहितीचीही नोंद घ्यावी.

घटकांची एकच यादी

प्रत्येक इमारतीची पाहणी एकाच साच्यात झाली, तरच त्यांची तुलना करता येते. इमारतीचे पाया, सांगाडा, छत, बाह्य भिंती व खिडक्या, अंतर्गत बांधकाम, पाणी व सांडपाणी, वीज, वातानुकूलन, अग्निसुरक्षा, लिफ्ट असे कार्यानुसार भाग पाडणारी ‘युनिफॉर्मॅट २’ ही वर्गवारी यासाठी अनेक ठिकाणी वापरली जाते. साहित्य व चाचण्यांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेचे ई १५५७ हे मानक तिच्यावरच आहे. ती जशीच्या तशी घ्यावी असे नाही. इमारतीमागे ३० ते ४० घटकांची यादी पुरते. त्याहून बारकाईने गेल्यास, उदाहरणार्थ प्रत्येक बिजागरीची वेगळी नोंद ठेवल्यास, पाहणी लांबत जाते आणि ती अद्ययावत ठेवणे अशक्य होते.

प्रत्यक्ष फेरी: वरून खाली, पाण्याच्या मागोमाग

फेरी गच्चीपासून सुरू करून खाली उतरत यावे. इमारतीचे बहुतेक नुकसान पाण्यामुळे होते आणि पाणी वरून खाली येते, म्हणून वर कारण पाहिले की खाली त्याचा परिणाम ओळखायला सोपे जाते. जिथे पाऊस ठराविक महिन्यांत पडतो तिथे एक फेरी पाऊस थांबल्यावर लगेच आणि दुसरी कोरड्या काळात करावी. पहिलीत गळतीचे मार्ग दिसतात आणि दुसरीत भेगा व सुटलेला गिलावा नीट दिसतो.

गच्चीवर प्रथम उतार पाहावा. पाऊस थांबून दोन दिवस झाल्यावरही पाणी साचलेले असेल, किंवा कोरड्या गच्चीवर मातीची गोल वर्तुळे उमटलेली असतील, तर तिथे उतार चुकलेला आहे. त्यानंतर पाणी बाहेर जाण्याची तोंडे, त्यांवरच्या जाळ्या, कठड्याच्या पायथ्याचा वाटा (गच्ची व कठडा यांच्या कोपऱ्यातला गोलाईदार गिलावा), एक्स्पान्शन जॉइंट (तापमानाने होणाऱ्या हालचालीसाठी दोन भागांत ठेवलेली फट) आणि छतातून वर आलेल्या नळांभोवतीचे सांधे तपासावेत. गळती बहुधा सपाट भागातून होत नाही, या सांध्यांतून होते. त्यामुळे ‘पूर्ण गच्चीचे वॉटरप्रूफिंग’ असा प्रस्ताव आला, की सांधे वेगळे तपासले आहेत का हे विचारावे. कठड्याला टेकून उगवलेले पिंपळाचे किंवा अन्य झाडाचे रोप आज हाताने उपटता येते, पाच वर्षांनी त्याच्यासाठी कठडा पाडावा लागतो. सौर पॅनेल, मोबाइल टॉवर किंवा जादा टाक्या बसवताना कोणी वॉटरप्रूफिंगच्या थराला भोके पाडली आहेत का, हेही पाहावे. असे काम बहुधा दुसऱ्याच विभागाने करवून घेतलेले असते आणि देखभाल विभागाला त्याची कल्पना नसते.

बाहेरच्या भिंतींवर पाणी वाहून नेणाऱ्या नळांच्या मागे हिरवे-काळे पट्टे शोधावेत. छज्ज्यांच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का ते पाहावे. ती नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाखालून भिंतीकडे जाते आणि तिथल्या सळया सर्वांत आधी गंजतात. गिलाव्यावर छोट्या हातोडीने टिचकी मारल्यास पोकळ आवाज आला की तो भाग सुटलेला समजावा, आणि जिथे खालून माणसे ये-जा करतात तिथे तो तातडीचा मानावा. जमिनीलगत, इमारतीभोवतीची फरशी भिंतीकडे उतरते की भिंतीपासून दूर उतरते, आणि फुलझाडांचे वाफे थेट जोत्याला लागून आहेत का, एवढ्या दोन गोष्टी पाहिल्या तरी तळमजल्यावरच्या निम्म्या ओलीचा उलगडा होतो.

भेगांबाबत घबराट आणि दुर्लक्ष या दोन्ही टोकांपासून दूर राहावे. गिलाव्यावर जाळ्यासारख्या दिसणाऱ्या केसाएवढ्या भेगा बहुधा गिलावा आकसल्याने पडलेल्या असतात. बीमला आधाराजवळ तिरकी गेलेली भेग, खांबावर सळईच्या रेषेत उभी गेलेली भेग, किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यांसारखी चढत गेलेली विटांमधली भेग, या मात्र संरचना अभियंत्याला दाखवाव्यात. भेग वाढते आहे की थांबली आहे हे एका भेटीत कळत नाही. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, भेग मोजण्याची पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि ठरावीक महिन्यांनी त्याच जागी, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, पुन्हा मोजावे. तापमानाबरोबर उघडझाप करणारी भेग आणि एकाच दिशेने रुंदावत जाणारी भेग यांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे असतात.

काँक्रीटच्या सांगाड्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे गरजेचे आहे, कारण नियोजनाच्या दृष्टीने पाहणीतील सर्वांत मोलाची माहिती येथून मिळते. ताज्या, निरोगी काँक्रीटचा सामू (पीएच) १२.५ ते १३ च्या आसपास असतो आणि या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून हा सामू खाली आणतो; यालाच कार्बोनेशन म्हणतात. तो बदल सळईपर्यंत पोचला आणि सोबत ओल असली की गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट होते आणि तो काँक्रीटला आतून फोडतो. काँक्रीटच्या ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थेलीनचे द्रावण फवारले, तर अल्कधर्मी भाग गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. त्या रंगहीन पट्टीची खोली मोजता येते. ही खोली ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा १६ वर्षांच्या इमारतीत ती १० मिलिमीटर आढळली. तेव्हा ती १५ मिलिमीटरपर्यंत जायला बांधकामापासून सुमारे ३६ वर्षे आणि २० मिलिमीटरपर्यंत जायला सुमारे ६४ वर्षे लागतील. ज्या खांबांच्या सळईवर १५ मिलिमीटरच आवरण आहे, त्यांच्यासाठी हाताशी अजून २० वर्षे आहेत आणि संरक्षक लेप देण्याची योग्य वेळ आज आहे, असे यावरून म्हणता येते. हा अंदाज परिस्थिती तशीच राहील असे धरून केलेला असतो. समुद्राजवळ किंवा खारट पाण्याच्या संपर्कात क्लोराइड सळईपर्यंत पोचून, कार्बोनेशन कमी असतानाही गंज सुरू करू शकते, म्हणून तिथे क्लोराइडची चाचणी वेगळी करावी.

रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारे उपकरण) आणि अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरी आरपार पाठवून करायच्या) चाचण्या उपयोगी असल्या तरी त्यांच्या आकड्यांवर एकट्याने विसंबू नये. हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो, आणि कार्बोनेशनमुळे जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग अधिक कठीण झालेला असल्याने तो आकडा दिशाभूल करू शकतो. शंका असलेल्या ठिकाणी काँक्रीटचा गाभा, म्हणजे दंडगोलाकार नमुना, काढून त्याची प्रयोगशाळेत चाचणी करावी. चाचण्यांची संख्या वाढवण्यापेक्षा त्यांच्या जागा विचारपूर्वक निवडण्यावर भर द्यावा: शौचालयांखालचे स्लॅब, पाण्याच्या टाकीखालचे बीम, जिना आणि छज्जे.

विजेच्या बाबतीत मुख्य पॅनेलचे उष्णताचित्रण (तापलेले भाग दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्र) करावे आणि ते पूर्ण भार चालू असताना, म्हणजे वर्ग व प्रयोगशाळा भरलेल्या वेळी करावे. सुट्टीच्या दिवशी घेतलेल्या चित्रात सैल जोड थंडच दिसतो. अर्थिंगची मोजणी, तारांची क्षमता आणि आजचा भार यांचा मेळ पाहावा, कारण पंचवीस वर्षांपूर्वी पंखे आणि दिव्यांसाठी ओढलेल्या तारांवर आज वातानुकूलन यंत्रे आणि संगणक चालत असतात. पाण्यासाठी एक सोपी चाचणी आहे: सर्व वापर थांबलेला असताना रात्री मीटरची दोन वाचने काही तासांच्या अंतराने घ्यावीत. मीटर पुढे सरकला असेल तर जमिनीखाली किंवा फ्लशच्या टाक्यांतून पाणी जात आहे. अग्निशमन यंत्रणा प्रत्यक्ष चालवूनच तपासावी. पंप आहे, नळ आहेत, पेट्या आहेत अशी नोंद पुरेशी नाही, सर्वांत वरच्या मजल्यावर दाबाने पाणी येते का ते पाहावे.

श्रेणी देताना अवस्था आणि परिणाम वेगळे ठेवावेत

प्रत्येक घटकाला १ (उत्तम) ते ५ (अतिशय वाईट) अशी श्रेणी देण्याची पद्धत सोयीची आहे, पण प्रत्येक श्रेणीचा अर्थ आधी शब्दांत लिहून ठेवावा. ‘३ म्हणजे मध्यम’ असे लिहिल्यास प्रत्येकाचे मध्यम वेगळे निघते. ‘३ म्हणजे काम चालू आहे, झीज दिसते आहे, दोन ते पाच वर्षांत दुरुस्ती लागेल’ असे लिहिल्यास दोन निरीक्षकांचे निर्णय जुळतात. पहिल्या इमारतीला सर्व निरीक्षकांनी एकत्र जावे, स्वतंत्रपणे श्रेण्या द्याव्यात आणि जिथे फरक पडला तिथे चर्चा करावी. या एका दिवसामुळे पुढचे सगळे आकडे विश्वासार्ह होतात.

अवस्थेच्या श्रेणीशेजारी परिणामाची श्रेणी स्वतंत्रपणे द्यावी. गोदामातील उखडलेली फरशी आणि जिन्याचा हललेला कठडा या दोन्हींची अवस्था ४ असेल, परंतु एकीचा परिणाम गैरसोय आहे आणि दुसऱ्याचा जीवितहानी होऊ शकतो. कामाचा अग्रक्रम या दोन्ही श्रेणींच्या जोडीवरून ठरवावा. जीविताला धोका असलेली बाब सापडली तर ती अहवाल पूर्ण होईपर्यंत थांबवू नये. त्याच दिवशी लेखी कळवावी, तो भाग बंद करावा किंवा तात्पुरता आधार द्यावा, आणि कोणाला किती वाजता कळवले याची नोंद ठेवावी.

पाहणी झाली, दोष कळले आणि तरीही काम लांबले तर काय होऊ शकते याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सर्फसाइड येथील ‘शाम्प्लेन टॉवर्स साउथ’ ही १२ मजली निवासी इमारत. २०१८ साली अभियंत्याने दिलेल्या अहवालात तरणतलावाच्या बाजूच्या सपाट भागाचे वॉटरप्रूफिंग निकामी झाल्याचे, त्या भागाला पाणी वाहून जाण्यासाठी उतारच नसल्याचे आणि खालच्या स्लॅबचे मोठे नुकसान होत असल्याचे नमूद केले होते. तेव्हा दुरुस्तीचा अंदाज सुमारे ९० लाख डॉलर होता, आणि एप्रिल २०२१ पर्यंत, कामांची व्याप्तीही वाढत जाऊन, तो सुमारे दीड कोटी डॉलरवर गेला. मोठे काम सुरू होण्याआधीच २४ जून २०२१ च्या पहाटे इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसे मृत्युमुखी पडली. कोसळण्याच्या कारणांचा तांत्रिक उलगडा हा वेगळा विषय आहे, पण अहवाल हाती असणे आणि काम होणे यांत किती अंतर पडू शकते हे या घटनाक्रमातून दिसते.

दोषांचे पैशांत रूपांतर

प्रत्येक दुरुस्तीसाठी मोजमाप, दर आणि सोबतचा खर्च असे तीन भाग धरावेत. तिसऱ्या भागाचा विसर पडतो. परांची, मलबा वाहून नेणे, वर्ग दुसरीकडे हलवणे, सुट्टीत किंवा रात्री काम करून घेण्याचा जादा दर, सल्लागाराचे शुल्क आणि काम उघडल्यावर निघणाऱ्या अनपेक्षित गोष्टींसाठीची तरतूद मिळून मूळ कामात लक्षणीय भर घालतात. या टप्प्यावर अंदाज ढोबळ असला तरी चालेल, पण तो सर्व इमारतींसाठी एकाच पद्धतीने आणि एकाच वर्षाच्या दराने केलेला असावा.

आता तक्त्यातील पुनर्बांधणी मूल्याचा उपयोग होतो. रखडलेल्या दुरुस्त्यांचा एकूण खर्च भागिले पुनर्बांधणी मूल्य या गुणोत्तराला सुविधा स्थिती निर्देशांक म्हणतात. अमेरिकेतील महाविद्यालये व विद्यापीठांच्या वित्त-व्यवस्थापन अधिकाऱ्यांच्या संघटनेने १९९१ साली तो प्रचारात आणला. त्या वेळच्या ठोकताळ्यानुसार ५ टक्क्यांपर्यंत इमारत चांगली, ५ ते १० टक्के मध्यम आणि १० टक्क्यांच्या पुढे वाईट मानली जाते. पुनर्बांधणीला १०,००० एकक खर्च येणाऱ्या इमारतीत ८०० एककांच्या दुरुस्त्या रखडल्या असतील, तर तिचा निर्देशांक ८ टक्के झाला.

हा आकडा व्यवस्थापनाला पटकन समजतो आणि वर्षागणिक परिस्थिती सुधारते आहे की बिघडते आहे हे त्यातून दिसते. पण कामांचा क्रम केवळ त्यावरून लावणे चुकीचे ठरेल, असे मी आग्रहाने सांगेन. तो सरासरी आहे. एखाद्या वसतिगृहाचा निर्देशांक ३ टक्के असेल आणि त्या ३ टक्क्यांतच बंद पडलेली अग्निसूचना यंत्रणा असेल, तर ते वसतिगृह ‘चांगल्या’ गटात बसते आणि रात्री तिथे शेकडो विद्यार्थी झोपलेले असतात. निर्देशांक इमारतींची तुलना करण्यासाठी वापरावा, आणि कामांचा क्रम मात्र अवस्था व परिणाम या श्रेणींच्या जोडीवरून लावावा.

दहा वर्षांचा आराखडा

रखडलेल्या कामांत पुढे येणाऱ्या कामांची भर घालावी. प्रत्येक घटकाचे अपेक्षित आयुर्मान आणि आजची अवस्था यांवरून उरलेली वर्षे लिहावीत. केवळ वयावरून निर्णय घेऊ नये. चांगल्या निगेत राहिलेला पंप कोष्टकातील आयुष्य संपल्यावरही चालतो आणि दुर्लक्षित पंप निम्म्या वयात संपतो. पाहणीचा आर्थिक फायदा इथेच आहे: चालू शकणारी वस्तू वेळेआधी बदलणे टळते आणि संपत आलेली वस्तू परीक्षेच्या आठवड्यात बंद पडून दुप्पट दराने बदलण्याची वेळ येत नाही.

वर्षवार मांडणी केल्यावर काही वर्षांत खर्चाचा डोंगर आणि काहींत सपाटी दिसेल. हा डोंगर थोडा मागेपुढे सरकवून सपाट करायचा असतो, पण काही कामांचा आपापसांतला क्रम बदलता येत नाही. आधी पाणी थांबवावे, मग सळया व काँक्रीट दुरुस्त करावे, त्यानंतर तारा-नळ बदलावेत आणि शेवटी गिलावा, फरशी व रंग करावा. एका संस्थेत दर्शनी इमारतीला समारंभासाठी रंग देऊन पुढच्याच वर्षी नळ बदलण्यासाठी त्याच भिंती फोडलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि दोन्ही कामे त्या संस्थेच्या अंदाजपत्रकात आधीपासून होती. ती एकाच तक्त्यावर शेजारी-शेजारी लिहिलेली असती तर हा खर्च टळला असता.

बचतीच्या जागा बहुतेक वेळा अशा जुळवाजुळवीत सापडतात. बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती, खिडक्या आणि पावसाचे नळ यांना एकाच परांचीत उरकावे. चार इमारतींच्या गच्च्या एकाच निविदेत काढल्यास दर कमी मिळतो आणि देखरेखही एकदाच लागते. ज्या वर्षी एखादी वस्तू तशीही बदलायची आहे, त्याच वर्षी तिच्या जागी कमी वीज खाणारी वस्तू घ्यावी, म्हणजे जादा पैसे फक्त किमतीच्या फरकाचेच लागतात. हमीचा कालावधी संपण्याच्या तीन महिने आधी त्या कामाची खास पाहणी ठेवावी आणि सापडलेले दोष कंत्राटदाराकडून हमीतच दुरुस्त करून घ्यावेत. जी इमारत पाच वर्षांत पाडायची आहे तिच्यावर सुरक्षितता आणि गळती एवढ्यापुरताच खर्च करावा. आणि जी इमारत अर्धी रिकामी आहे, तिथले विभाग दुसरीकडे हलवून ती बंद करता येईल का हा प्रश्न विचारायला कचरू नये, कारण वापरात नसलेल्या जागेचा देखभालखर्च हा परिसरातला सर्वांत निरुपयोगी खर्च असतो.

दुरुस्ती लांबवल्याची किंमत दाखवण्यासाठी काँक्रीटबाबत ‘पाचाचा नियम’ सांगितला जातो. डी सिटर या अभ्यासकांनी १९८४ मध्ये मांडलेल्या या ठोकताळ्यानुसार बांधताना चांगल्या कामावर घालायचा १ एकक खर्च वाचवला, तर गंज सुरू होण्यापूर्वीच्या देखभालीला ५, गंज सुरू झाल्यावरच्या दुरुस्तीला २५ आणि नुकसान सर्वत्र पसरल्यावर १२५ एकक लागतात. तो मोजमापाचा आकडा म्हणून अंदाजपत्रकात वापरू नये, पण खर्च कोणत्या गतीने फुगतो ती दिशा त्यातून बरोबर कळते.

दरवर्षी किती तरतूद असावी याविषयी अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० साली सार्वजनिक इमारतींसाठी सुचवलेले प्रमाण आजही आधार म्हणून घेतले जाते: नियमित देखभाल व दुरुस्तीसाठी एकूण पुनर्बांधणी मूल्याच्या २ ते ४ टक्के दरवर्षी. साचलेली जुनी कामे संपवण्याचा खर्च यात धरलेला नाही. त्यासाठी वेगळी तरतूद लागते. आपली तरतूद या प्रमाणाच्या खूप खाली असेल, तर अंदाजपत्रकात न दिसणारे कर्ज दरवर्षी वाढते आहे असे समजावे.

व्यवस्थापनासमोर मांडताना

निर्णय घेणाऱ्यांपुढे पूर्ण अहवाल ठेवू नये. इमारतींचा निर्देशांक, तातडीची दहा कामे छायाचित्रांसह आणि तीन पर्याय, एवढेच दोन पानांत मांडावे. पहिला पर्याय आजच्या तरतुदीने चालत राहण्याचा, दुसरा परिस्थिती आहे तिथेच रोखण्याचा आणि तिसरा रखडलेली कामे दहा वर्षांत निम्मी करण्याचा असावा, आणि प्रत्येकाखाली दहा वर्षांनंतरचा निर्देशांक लिहावा. जे काम पुढे ढकलले जाईल त्यासमोर ते ढकलण्याचा परिणाम एका वाक्यात नोंदवावा, उदाहरणार्थ ‘आणखी दोन वर्षे लांबल्यास प्रयोगशाळेवरील स्लॅबच्या सळया उघड्या पडण्याची शक्यता’. त्यामुळे काम नाकारले गेले तरी निर्णय माहितीच्या आधारे झाला, याची नोंद राहते.

पाहणी बाहेरच्या सल्लागाराकडून करून घ्यावी की आपल्याच माणसांनी करावी, याचे सरसकट उत्तर नाही. सांगाडा, उच्चदाब वीज आणि लिफ्ट यांसाठी पात्र तज्ज्ञच लागतात. बाकी घटक प्रशिक्षित स्थानिक कर्मचारी चांगले पाहू शकतात, आणि त्यांनी पाहिल्यास ते ज्ञान संस्थेतच राहते. बाहेरच्या संस्थेला काम दिल्यास सर्व माहिती आपल्याला वापरता व बदलता येईल अशा तक्त्याच्या रूपात देण्याची अट करारात घालावी. पाहणी करणाऱ्यालाच दुरुस्तीचे कंत्राट देण्याचे टाळावे.

पूर्ण पाहणी तीन ते पाच वर्षांनी आणि गच्ची, जिने, छज्जे, पॅनेल व अग्निशमन यांची फेरी दरवर्षी करावी. मधल्या काळात कोणतेही काम पूर्ण झाले की देयक मंजूर करण्याच्या टिपणीतच ‘तक्त्यात नोंद केली’ असा रकाना ठेवावा, म्हणजे नोंद राहून जाणार नाही. पहिल्यांदाच सुरुवात करत असाल, तर संपूर्ण परिसर एकदम हाती घेऊ नका. सर्वांत जुनी एक आणि सर्वांत जास्त तक्रारींची एक, अशा दोन इमारती निवडा. त्यांची पाहणी, श्रेणी, खर्च आणि दहा वर्षांचा तक्ता शेवटपर्यंत पूर्ण करा. साच्यात काय कमी पडले ते तिथेच कळेल, आणि तो दुरुस्त केलेला साचा घेऊन तिसऱ्या इमारतीच्या गच्चीवर जा.